टक् आल्याशिवाय सोडू नका

कुसुमचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजराची गरज नव्हती, गुडघेच उठवायचे. आधी डावा ठणकायचा, मग उजवा. कुरुळीतल्या त्या पत्र्याच्या खोलीत ती अंथरुणावर पाय लांब करून बसायची, दोन्ही गुडघे चोळून शुद्धीवर आणायची आणि भिंतीला धरून उभी राहायची. एकदा उभी राहिली की संध्याकाळपर्यंत उभीच. नळाच्या रांगेत उभी. कंपनीच्या बसमध्येही उभी, कारण आधीच्या थांब्यांवरच्या बायका जागा धरून यायच्या. आणि लाइनवर तर उभं राहण्याचाच पगार होता.

चाकणच्या त्या कंपनीत मोटारींच्या आत पसरायच्या वायरींचे जुडगे तयार होत. दिव्यापासून हॉर्नपर्यंत गाडीतलं सगळं त्या जुडग्यावर चालतं. कुसुमचं काम एकच. वायरीच्या टोकाचं पितळी पातं प्लास्टिकच्या डबीत ढकलायचं, ते आत अडकल्याचा आवाज ऐकायचा, मग मागे ओढून बघायचं. लाइनच्या वर लाल अक्षरांत पाटी होती: ढकला, ऐका, ओढा. ऐकायचं म्हणजे टक्. टक् आला तर माल बसला. नाही आला तर बसला नाही, मग तो डोळ्याला कितीही बसलेला दिसो.

नवीन असताना कुसुमने एकदा टक् न ऐकताच एक जुडगा पुढे सोडला. तो गिऱ्हाइकाकडून परत आला. सकाळच्या मीटिंगमध्ये तो तिच्या गळ्यात हारासारखा घातला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत काढू दिला नाही. तेव्हापासून तिचा एकही तुकडा परत आला नव्हता. टक् आता तिच्या कानात नव्हता, अंगठ्यांत होता. नव्या मुलींना ती सांगायची, "डोळ्यावर इस्वास ठिवू नको माय. टक् आल्याशिवाय सोडू नको." मुली शिकायच्या आणि पाठीमागे तिची नक्कल करायच्या. कोणी चहाचा कप खाली ठेवला तरी दुसरी म्हणायची, "टक् आला का माय?"

लाइनच्या शेवटी टेस्टिंगचं टेबल होतं. तयार जुडगा तिथे लावला की कॉम्प्युटर तो तपासायचा. बरोबर असेल तर पडदा हिरवा, चूक असेल तर लाल. टेबल ठेंगणं, उभ्याने काम होत नाही, म्हणून तिथे एक स्टूल. सबंध लाइनवर बसायची जागा तेवढीच. त्यावर छबूबाई बसायची. दसऱ्याला ती काम सोडून गावी गेली आणि स्टूल रिकामं झालं.

त्याच सुमाराला कुरुळीच्या डॉक्टरने कुसुमच्या गुडघ्याचा फोटो उजेडात धरला होता. "गादी झिजली आहे. उभ्याचं काम बंद करा."

"मग काय करू?"

"बसून करता येईल असं काहीतरी बघा," तो म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

कुसुमने बघितलं. बसून करता येईल असं चाकणमध्ये तिला एकच काम माहीत होतं.

शिफ्टचा सुपरवायझर नानासाहेब. तिने त्याला गाठलं. "सायब, छबूबाईची जागा मला द्या."

"तिथे नुसतं बसायचं नसतं, बाई," नानासाहेब म्हणाला. "ते डबडं दिवसातून दोनदा झोपतं. त्याची हार्ड डिस्क मरायला टेकली आहे. नवीन घालून त्यावर सगळं पहिल्यापासून चढवायचं आहे. आणि पुन्हा झोपलं तर परत चढवायचं. दुसऱ्या शिफ्टला मेंटेनन्सचा माणूस नसतो. जी बसेल तिला ते आलं पाहिजे. तुम्हाला येतं?"

"शिकले तर देताल का?"

नानासाहेबाने शेजारी उभ्या असलेल्या मेंटेनन्सच्या विक्कीकडे पाहिलं आणि ओठ दाबले. "शिका. करून दाखवा. झालं तर स्टूल तुमचं."

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. ज्योतीराम निगडीच्या एका सोसायटीत वॉचमन होता. आठ वर्षांपासून प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पगार घेत होता. तो ताटावरून मान वर न काढता म्हणाला, "बाईला आता बसून पगार पाहिजे."

"तुमी बसूनच घेता की."

"माझं डोकं चालू असतं. तुझं काय चालू असणार? कॉम्प्युटर म्हणे. परभणीहून आलीस तेव्हा लिफ्टमध्ये चढायला भ्यालीस."

ते खरं होतं. कुसुमने भाजी वाढली.

विक्की सव्वीस वर्षांचा होता. आयटीआय केलेला, हात चांगला, पण पाठ जड. जे काम दुसऱ्याकडून होईल ते तो स्वतः करत नसे. शिफ्ट सुटल्यावर पुढची बस येईपर्यंत कुसुम मेंटेनन्सच्या खोलीत जाऊ लागली. तो शिकवायचा, पण फुकट नाही. तिने त्याचं टेबल पुसायचं, स्क्रू मापाप्रमाणे वेगळे करायचे, चहा आणायचा. शेंगदाण्याची चटणी त्याला आवडली, मग दर दोन दिवसांनी चटणीही.

कोपऱ्यात भंगारातला एक कॉम्प्युटर होता. विक्कीने त्यात एक नव्या तऱ्हेची डिस्क जोडून दिली. फिरणारी चकती नाही, आवाज नाही, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी चपटी डबी. तिला दोन वायरी लागायच्या, आणि त्या वायरींच्या टोकाला पत्र्याची चिमटी होती. ढकललं की टक् व्हायचं. कुसुमला बरं वाटलं. हे तिच्याच जातीचं काम होतं.

पुढचं अवघड होतं. पडद्यावरचं सगळं इंग्रजी. तिला इंग्रजी अक्षरं यायची, डब्यांवरचे नंबर वाचून वाचून शिकली होती, पण शब्द लागायचे नाहीत. तिने पडदे चित्रासारखे पाठ केले. पेनड्राइव्ह लावायचा आणि चालू करताना वरच्या ओळीतलं बटण दाबत राहायचं. निळा पडदा येतो. भाषा विचारतो, खाली उजवीकडे दाबायचं. मग किल्ली मागतो, लांबलचक नंबर. किल्ली नाही म्हणायचं. पुढे दोन ओळी येतात, त्यातली खालची. मग डिस्क दिसते.

"इथं काय करायचं ताई?" विक्की विचारायचा.

"दिसंल ते सगळं उडवायचं. काही ठिवायचं न्हाई. मग नेक्स्ट."

"शाब्बास. दिसेल ते सगळं उडवायचं."

भंगारातल्या त्या कॉम्प्युटरमध्ये एकच डिस्क होती. दुसरी असू शकते, तेव्हा काय करायचं, हे विक्कीने सांगितलं नाही आणि कुसुमला विचारायचं सुचलं नाही. तिने ते इतक्या वेळा केलं की शेवटी विक्कीच कंटाळला. एकदा तिने डोळे मिटून सगळे पडदे ओळीने सांगितले. खोलीत दिव्या होती. लाइनवरची नवी मुलगी, डिप्लोमा झालेली, सांगवीहून यायची. कुसुमनेच तिला पातं धरायला शिकवलं होतं आणि दुपारी ती कुसुमच्याच डब्यात जेवायची. ती हसून म्हणाली, "मावशी, तुम्ही तर आरती म्हटल्यासारखं म्हणता."

रविवारी लाइन बंद असायची. त्या रविवारी टेस्टिंगच्या टेबलाचं काम करायचं ठरलं. आदल्या दिवशी नानासाहेबाने कुसुमच्या देखत विक्कीला विचारलं होतं, "जुन्या डिस्कवर टेस्टिंगचा प्रोग्राम आहे. तो काढून ठेवलास ना?"

"हो सर, काढला," विक्की म्हणाला होता.

रविवारी बस नव्हती. कुसुम कुरुळीहून शेअर रिक्षाने आली. स्वच्छ धुतलेला पंजाबी ड्रेस, त्यावर कंपनीचा ॲप्रन. शेडमध्ये चौघेच होते. नानासाहेब दाराशी फोनवर बोलत होता. दिव्या ओव्हरटाइमला टेबलं पुसायला आली होती. विक्कीने कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, जुनी डिस्क आत तशीच राहू दिली आणि तिच्या हातात नवी डिस्क दिली.

ती डबी नव्हती. बोटभर लांबीची हिरवी पातळ पट्टी होती.

"ही कामून अशी?"

"नवीन टाइप आलाय. वायरी नाहीत हिला. तिथं खाच आहे बघा, त्यात तिरकी घालायची, आडवी करायची, शेवटी एक स्क्रू. झालं."

कुसुमने पट्टी खाचेत तिरकी घातली. आवाज आला नाही. बोट काढलं तर पट्टीचं दुसरं टोक वर उठून राहिलं, झोपाळ्याच्या फळीसारखं. ती बघत राहिली. नीट बसलेली वस्तू वर उठत नाही. तिने काढून पुन्हा घातली. पुन्हा वर.

"बसली का?" तिने विचारलं.

विक्की टेबलाला टेकून फोन बघत होता. त्याने मान वर केली आणि दिव्याकडे बघत, कुसुमच्याच आवाजाची नक्कल करत म्हणाला, "टक् आला का माय? टक् आल्याशिवाय सोडू नका हां."

दिव्याने तोंडावर फडकं धरलं.

कुसुमला हसण्याचं काही वाटलं नाही. तिची नक्कल रोजच व्हायची. आणि वाक्य तर बरोबर होतं. ज्या वाक्यावर तिने आजवर भाकरी खाल्ली तेच हे वाक्य होतं, आणि ते शिकवणाऱ्याच्या तोंडून आलं होतं. तिने दोन्ही अंगठे पट्टीवर ठेवले. ते अंगठे साधे नव्हते. त्यांची कातडी टाचेसारखी झाली होती, आणि जिथे तरण्या मुलींना पातं बसवायला दोनदा जोर लावावा लागायचा तिथे तिला एकदाच. तिने खांदा खाली आणला आणि दाबलं.

टक्.

पट्टी आडवी झाली. कुसुमने नेहमीप्रमाणे मागे ओढून पाहिलं. पट्टी हलली नाही. तिने स्क्रू लावला आणि पदर नसतानाही सवयीने खांद्याशी हात नेला.

"आला टक्," ती म्हणाली.

विक्की आणि दिव्याने एकमेकांकडे पाहिलं. विक्कीने वाकून खाचेकडे नजर टाकली. मग तो सरळ झाला. "वा," तो म्हणाला. "चालू द्या."

झाकण उघडंच राहिलं. कुसुम स्टुलावर बसली. काम बसूनच करायचं होतं, परवानगी मागायचं कारण नव्हतं. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबत राहिली. निळा पडदा आला. भाषा, नेक्स्ट, किल्ली नाही, खालची ओळ. एकही चूक नाही. मग डिस्कचा पडदा. एकच डिस्क दिसत होती. तिच्यापुढे मोठा आकडा होता, पाचशेच्या जवळपास. नव्या पट्टीच्या कागदावर दोनशे छप्पन लिहिलं होतं ते तिने सकाळी वाचलं होतं. क्षणभर तिचं बोट थांबलं.

"विक्की, हे बरुबर हाय ना? आकडा मोठा दिसायलाय."

विक्की तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने पडदा वाचला. तो वाचतोय हे तिने काचेत पाहिलं, त्याचे डोळे डावीकडून उजवीकडे गेले. "तुम्हाला काय शिकवलंय?" तो म्हणाला. "दिसेल ते?"

"सगळं उडवायचं."

"मग?"

कुसुमने एकेक ओळ उडवली. मग नेक्स्ट.

आकडे चढू लागले. शंभरातले अकरा, बारा, बारा, बारा. भंगारातल्या कॉम्प्युटरवर हे आकडे भराभर पळायचे. इथे ते चालत होते. विक्की दिव्याला म्हणाला, "चल, वडापाव आणू." जाताना त्यांचं हसू शेडच्या पत्र्यावर आपटून परत आलं.

कुसुम एकटी बसून राहिली. तिला घाई नव्हती. पायातलं ठणकणं हळूहळू उतरलं, पोटऱ्या सैल झाल्या. तिने चपला काढून तळवे गार फरशीला टेकवले. सत्तावीस, अठ्ठावीस. लागू दे वेळ. उद्यापासून हे रोजचं. जुडगा लावायचा, हिरवा आला की उचलायचा, पुढचा लावायचा. संध्याकाळी घरी जाऊन भांडी घासण्याइतके गुडघे शिल्लक राहतील. ती त्या स्टुलावर तासभराहून जास्त बसली. एवढा वेळ कंपनीत ती कधी बसली नव्हती.

शेवटी पडदा उघडला. स्वच्छ, रिकामा, कोपऱ्यात घड्याळ. कुसुम उठून उभी राहिली, कारण नानासाहेब येत होता.

"झालं सायब."

नानासाहेबाने पाहिलं. त्याच्या भुवया वर गेल्या. "अरे वा. केलंत की. विक्की, आता काढून ठेवलेला प्रोग्राम टाक. एक जुडगा लावून बघू."

विक्की वडापावचा कागद चुरगाळत पुढे आला. त्याने माउस धरला आणि दोन-तीन ठिकाणी दाबलं. हसू केव्हाच गेलं होतं. "सर," तो म्हणाला, "जुनी डिस्क कोरी आहे. बाईंनी जुन्यावरच चढवलं. नवी दिसतच नाही." त्याने बॅटरी मारून खाच दाखवली. काळ्या प्लास्टिकला आडवी चीर गेली होती. "खाच फोडली यांनी. अंगठ्याने."

कुसुमला आधी काही कळलं नाही. मग तो टक् कसला होता ते कळलं.

"प्रोग्राम काढून ठेवलायस ना तू?" नानासाहेब विक्कीला म्हणाला.

"काढणारच होतो सर. आज काम झालं की जुन्यावरून घेणार होतो. यांनी ती उडवली, मला न विचारता."

"इचारलं की," कुसुम म्हणाली. "आकडा मोठा दिसायलाय म्हणाले. तुमी मागं उभं होतात. आणि काल सायबाला काढला म्हणालात."

"मी शिकवलं तेवढं सांगितलं. डिस्क बघून उडवायची एवढी अक्कल नको?"

"आणि टक् आल्याशिवाय सोडू नका, हे कोण म्हणालं?"

विक्की नानासाहेबाकडे वळला. "सर, मी असं कशाला म्हणेन? शेंबड्या पोरालाही कळतं, ही पट्टी अलगद घालायची असते."

कुसुमने दिव्याकडे पाहिलं. दिव्या फडकं घडी करत होती. "दिव्या, तू ऐकलंस. सांग बाळा."

"मला नाही ऐकू आलं मावशी," दिव्या म्हणाली. "मशीनचा आवाज होता."

रविवार होता. शेडमध्ये एकही मशीन चालू नव्हतं.

नानासाहेबालाही ते ठाऊक होतं. विक्की खोटं बोलला हे लिहायचं तर वर विचारलं असतं की तुम्ही स्वतः का तपासलं नाही. ठेक्याची बाई चुकली एवढं लिहायला एक ओळ पुरणार होती. "आयुष्यभर ढकलायचं काम केलंत, बाई," तो म्हणाला. "तेच करायचं होतं. कोणी सांगितलं होतं डोकं लावायला?"

"तुमीच म्हणला होतात, शिका."

"मी चेष्टा केली होती."

सोमवारी लाइन उभी राहिली, पण माल पुढे जाईना, कारण तपासायला टेबल नव्हतं. बायका रिकाम्या हातांनी थांबल्या. रिकाम्या वेळात माणूस जे करतो ते त्यांनी केलं. कुसुम पाणी प्यायला निघाली तशी एकीने जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. टक्. मग पलीकडून दुसरीने. ज्यांना तिने पातं धरायला शिकवलं होतं त्यांनाच तो आवाज सगळ्यात चांगला जमत होता.

कुसुमने मान वळवली नाही. पाणी प्यायली, परत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. काम सोडायचं तिच्या मनात आलं. मग खोलीचं भाडं मनात आलं. घरी ज्योतीरामने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बस आता." एवढंच म्हणून तो स्वतःच हसला.

टेस्टिंगचा प्रोग्राम बनवणारी कंपनी बंगळूरची. ते फोनवरून द्यायला तयार नव्हते, माणूस येऊनच बसवणार म्हणाले. माणूस आला. खाचेसकट नवा बोर्ड लागला, नवी पट्टी लागली, प्रोग्राम चढला. पडदा हिरवा झाला तेव्हा नानासाहेबाने पेढे वाटले. पेढ्याचा पुडा कुसुमपर्यंत येता येता संपला. दुसऱ्या दिवशीपासून स्टुलावर दिव्या बसली. दुसऱ्या शिफ्टला मेंटेनन्सचा माणूस नसतो, हा प्रश्न कोणी काढला नाही. कुसुमला लाइनच्या पहिल्या टोकाला पाठवलं. तिथल्या फरशीवर रबराची चटईसुद्धा नव्हती.

महिनाअखेरीला पगार फार कमी आला. कुसुम ठेकेदाराच्या ऑफिसात गेली. क्लार्कच्या समोर खुर्ची होती, पण तिच्यावर फायली होत्या.

"नुकसानभरपाई," क्लार्क म्हणाला. "अजून चार महिने कापणार."

"एका पट्टीची एवढी?"

"पट्टी आणि बोर्ड कंपनीने सोडून दिलं. ते कंपनीचंच असतं म्हणे. तुमच्यावर फक्त इंजिनिअरचा खर्च टाकलाय." त्याने कागद पुढे ओढला आणि पेनाच्या टोकाने दाखवत गेला. बंगळूरचं विमान, जाऊन येऊन. पुणे विमानतळावरून गाडी. तळेगाव रस्त्यावरच्या हॉटेलात दोन रात्री, एसी खोली. जेवण. सकाळचा नाश्ता त्या खोलीतच धरलेला.

"आणि हे खाली काय लिवलंय?"

क्लार्कने चष्मा सरकवला. "हे होय. हॉटेलात एक शर्ट इस्त्रीला दिला होता त्याने."

तो शर्टही कुसुमच्या पगारातून इस्त्री झाला.